दक्षिण समुद्रातल्या मोरांची हद्द

बुऱ्हाणपुरात परतल्यापासून लोक मला एकच प्रश्न विचारतात : पेंग्विन पाहिले का? पाहिले. दुरून, बर्फाच्या एका तुकड्यावर उभे असलेले, आणि त्यांनीही आमच्याकडे तितक्याच कंटाळ्याने पाहिलं. पण आम्ही पेंग्विन बघायला गेलोच नव्हतो. आम्ही गेलो होतो प्लवक गोळा करायला. प्लवक म्हणजे समुद्राच्या पाण्यात तरंगत राहणारे, प्रवाह नेईल तिकडे जाणारे बारीक जीव. बहुतेक मोहरीच्या दाण्याहून लहान. कुठल्या थंड पाण्यात कुठली जात राहते आणि कुठे थांबते, एवढंच पाहायचं होतं. हे सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो आणि तो विषय बदलून चहा मागवतो. हे लिहितो आहे ते अशा चहा मागवणाऱ्यांसाठीच.

मी इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. उमेदीची वर्षं तापीच्या पाण्यातले प्लवक मोजण्यात गेली, त्याची कोणी दखल घेतली नाही आणि माझीही काही तक्रार नाही. मनीषा माझी जुनी विद्यार्थिनी. बहादरपूरच्या केळीवाल्या चौधरींची मुलगी, गोव्याला राहून याच विषयात पीएच.डी. करणारी. दक्षिण समुद्राच्या सफरीला निघालेल्या तिच्या गटातला एक जण ऐन वेळी डॉक्टरांच्या तपासणीत अडकला, तेव्हा तिने मला फोन केला. "सर, मायक्रोस्कोपजवळ घंटों बसणारा आदमी पाहिजे. तुमच्यासारखं बसणं कोनाले जमत नाही." हे कौतुकच आहे असं समजून मी होकार दिला. बायको म्हणाली, "तापीच्या पुलावर गाडी थांबली तरी डोकं धरता तुम्ही, अन् समुद्रात चालले?" मग तिने दराब्याचा डबा भरायला घेतला.

केपटाउन

जहाज रशियन होतं. त्यांचा देश नुकताच मोडला होता, आपला बाजार नुकताच उघडला होता, आणि या दोन घटनांच्या मधल्या फटीत ते आम्हाला भाड्याने मिळालं होतं. खलाशी रशियन, शास्त्रज्ञ भारतीय, आणि दोघांची इंग्रजी सारखीच कच्ची असल्यामुळे संभाषण छान चालायचं. ज्यांची इंग्रजी चांगली होती त्यांचं मात्र कोणाशीच जमेना.

सफरीच्या प्रमुख केरकर मॅडम. गोव्याच्या, पन्नाशीच्या, आवाज असा की वाऱ्यातही ऐकू यावा. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "समुद्र कधी पाहिलात?" मी म्हटलं, "आज सकाळी." त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला उलटीच्या गोळ्यांची दोन पाकिटं दिली.

स्वयंपाकी ओलेग बिटाचं आंबटसर सार करायचा आणि त्यात मांस असायचंच. मी मांस खात नाही हे त्याला हातवारे करून सांगितलं, तेव्हा त्याने माझी नाडी पाहिली. त्याला मी आजारी वाटलो असणार. पुढे मला तिन्ही त्रिकाळ उकडलेले बटाटे मिळत गेले, त्यावर मी ठेचा घेत गेलो. उपकार फेडावे म्हणून एक दिवस त्याला दराबा दिला. रवा, साखर आणि तूप घोटून घोटून पांढरंशुभ्र करायचं, ही आमच्या गावची मिठाई. ओलेगने ती काळ्या पावावर लोण्यासारखी फासली. मी बघतच राहिलो. मग मीही तशी खाऊन पाहिली. वाईट लागत नाही.

चाळीस अक्षांशांच्या आसपास

पहिले काही दिवस मी आडवाच होतो, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. उठून बसलो तेव्हा मनीषाने मला नकाशासमोर नेलं आणि कामाचा सगळा अर्थ सांगितला. तो इथे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजेल.

दक्षिणेकडे जाताना समुद्राचं पाणी हळूहळू गार होत जात नाही. पायऱ्या उतराव्या तसं ते ठरावीक ठिकाणी एकदम गार होतं. यातली शेवटची मोठी पायरी म्हणजे ध्रुवीय सीमा. तिथे दक्षिणेचं गार, जड पाणी अलीकडच्या पाण्याखाली सरकतं. वरून पाहिलं तर काही दिसत नाही, पण प्लवकांना बरोबर कळतं. तापीकाठ सोडून धूलकोटच्या बाजूला वर चढू लागलं की केळी संपते आणि कपाशी लागते, मध्ये कोणी पाटी लावलेली नसते, तसंच. सीमेच्या अलीकडे प्लवकांच्या जाती पुष्कळ आणि प्रत्येक जातीचे जीव थोडे. पलीकडे जाती मोजक्या आणि गर्दी अफाट.

"ही लाइन सगळ्याहिले मालूम आहे," मनीषा म्हणाली. "मी फक्त तीच पुन्हा काढली, तर माझ्या कामात नवीन काय? फेलोशिपचं हे आखरी साल आहे, सर. काही नवीन निघालं तर दोन वर्ष वाढून भेटतीन. नाही तर घरी."

घरी जाण्यात वाईट काय, असं मी विचारणार होतो. पण तिचा चेहरा पाहून विचारलं नाही.

काम असं होतं. ठरलेल्या जागी जहाज थांबायचं. त्या जागेला स्टेशन म्हणतात, आणि स्टेशन म्हटलं की मला खंडवा आठवतं, तिथली गर्दी आणि भजी आठवतात. इथे मात्र चहूकडे पाणीच पाणी. लांब बाहीसारखी बारीक जाळी खोल सोडायची, वर ओढायची, धुवायची, म्हणजे जाळीला चिकटलेले जीव खालच्या डब्यात उतरतात. तो डबा आम्ही बाटलीत ओतून जीव सडू नयेत म्हणून औषध घालायचो. मग मी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जात वेगळी करायचो. पुढच्या स्टेशनाआधी जाळी परत धुवायची, नाही तर एका जागेचं खरकटं दुसऱ्या जागेत मिसळतं.

या उबदार पाण्यात मला एक जीव भेटला. आकाराने राईएवढाही नाही, आणि शेपटीला केशरी पिसांचा पंखा. मनीषाने त्याचं लॅटिन नाव सांगितलं. त्यातही मोरच होता, म्हणून आम्ही त्याला मोर म्हणू लागलो. इतका वेळ उलट्या करून मी इथवर आलो त्याचं चीज झालं असं मला पहिल्यांदा वाटलं ते त्या पिसाऱ्याकडे बघताना.

या पट्ट्यात वारा भयंकर. लाटा डेकवर यायच्या, म्हणून सारंगाने, म्हणजे डेकवरच्या मुकादमाने, डेकच्या नळीचा व्हॉल्व्ह बंद ठेवायला सुरुवात केली. सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ उघडायचा. जाळी धुवायला समुद्राचं पाणी याच नळीतून यायचं. एका सकाळी मनीषा धावत आली. "सर, पानी आलं! भरून घ्या, बंद होऊन जाईन!"

प्रयोगशाळेत एक मोठा निळा ड्रम रिकामा पडला होता. आम्ही तो काठोकाठ भरला. पाणी गाळून यावं म्हणून नळीच्या तोंडाला बारीक जाळीचं फडकं बांधलेलं असायचं. त्याने धार बारीक पडते, म्हणून तेवढ्यापुरतं ते सोडून ठेवलं. वरून झाकण ठेवलं, झाकणावर पाणी काढायचा तांब्या पालथा घातला. मग दोघांनाही जरा निवांत वाटलं. तेव्हापासून जाळी धुवायची ती ड्रममधल्या पाण्याने, आणि पाणी आलं की ड्रम वरून भरून टाकायचा. ड्रम कधी तळाला जाऊच दिला नाही.

आमच्या आळीत एक दिवसाआड नळ येतो. घरात ड्रम, पिंप, हंडे, कळश्या, सगळं भरल्याशिवाय कोणी दुसऱ्या कामाला हात लावत नाही. बहादरपुरातही तेच. चहूबाजूंनी समुद्र असताना त्यातलंच पाणी साठवून ठेवण्यात आम्हा दोघांपैकी एकालाही काही वावगं वाटलं नाही.

सीमेच्या पलीकडे

एका दुपारी धुकं आलं, पाण्याचा रंग शिशासारखा झाला आणि थर्मामीटर एकदम खाली गेला. आम्ही रेषा ओलांडली होती. माझ्या बोटांना काही कळेनासं झालं. मनीषाने हातमोज्यांवर हातमोजे चढवले आणि जाळी सोडायला गेली.

बाटलीत थंड पाण्याची मंडळी खच्चून भरली होती. पंखासारखा पाय हलवत पोहणाऱ्या चिमुकल्या गोगलगायी, काचेच्या पिंपासारखे पारदर्शक जीव, आणि तांबूस गाभ्याचे टपोरे कोपेपॉड, म्हणजे मोराच्याच जातकुळीतले कवचाचे बारीक जीव, लाखो असावेत. आणि त्यांच्यात एक मोर.

मी डोळे चोळले. मग मनीषाला हाक मारली. तिने पाहिलं आणि माझ्या खुर्चीत बसली. आणखी शोधल्यावर आणखी दोन-चार निघाले. रेषेपलीकडच्या पुढच्या काही स्टेशनांच्या बाटल्याही आम्ही तशाच बारकाईने तपासल्या. तिथेही होते. दक्षिणेकडे जाताना दर ठिकाणी थोडे कमी, पण होते. उबदार पाण्याचा जीव, असायला नको तिथे.

"गरम पान्याचा भोवरा तुटून इकडं आला असंन, सर," ती म्हणाली. "पुरा घेऊन आला मोराहिले. म्हणजे लाइन इथं फुटते!" तिचे डोळे चमकत होते. मीही खूश झालो, खोटं कशाला सांगू. आपल्या विद्यार्थिनीने नकाशावरची रेष हलवावी याहून मास्तरला काय हवं असतं?

केरकर मॅडमनी सगळा तक्ता नीट पाहिला. परतीच्या वाटेवर या भोवऱ्याच्या शोधासाठी दोन दिवस राखून ठेवते म्हणाल्या. जहाजाच्या कप्तानाकडून दोन दिवस काढणं म्हणजे काय, ते रोज त्यांची वादावादी ऐकणाऱ्या आम्हालाच ठाऊक.

त्या रविवारी उपग्रहाच्या फोनवरून प्रत्येकाला घरी बोलायला मिळालं. फोन इतका महाग की लोक श्वास न घेता बोलत. मनीषा ओरडून सांगत होती, "बाबा, मले काही तरी नवीन सापडलं!" पलीकडून चौधरींचा आवाज मलाही ऐकू आला, "जेवन भेटते का नाही ते सांग आधी!"

बर्फाच्या कडेला

बर्फाबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी भर घालत नाही. इतकंच सांगतो की तो पांढरा कमी आणि निळा जास्त असतो, आणि त्याच्या जवळ गेलं की सगळे हातातलं काम सोडून डेकवर येतात. ओलेगसुद्धा पातेलं हातात घेऊन डेकवर आला आणि तसाच उभा राहिला. जाळीत क्रिल आले, बोटाच्या पेराएवढे, कोळंबीसारखे, काळ्याभोर डोळ्यांचे. जहाजावरच्या गोव्याच्या मंडळींच्या तोंडाला पाणी सुटलं. मला नाही सुटलं. इतक्या सगळ्या डोळ्यांनी आपल्याकडे एकदम पाहिलं की माझी भूकच मेली.

तिथेच एका सकाळी केरकर मॅडम प्रयोगशाळेत आल्या. त्यांच्या हाताला औषध लागलं होतं. धुवायला म्हणून त्यांनी ड्रमचं झाकण उचललं, तांब्या बुडवला आणि थबकल्या.

"अगो, हे कसलं पाणी?"

"समुद्राचं, मॅडम," मनीषा म्हणाली. "जाळी धुवायला. भरून ठेवलंय."

"कुठल्या समुद्राचं?"

मनीषा गोंधळली. मी मदतीला गेलो. "याच. म्हणजे चाळीस अक्षांशांपासून भरत आलोय. पाणी येतं दोन वेळा, तेवढ्यात..." बोलता बोलता माझं मलाच ऐकू येऊ लागलं.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी एक बारीक चाळणी आणली, आणि आम्ही तिघांनी ड्रम ढवळून त्यातलं पाणी तिच्यातून गाळलं. चाळणीवर जे उरलं ते मनीषाने स्वतः काचेवर घेतलं आणि पाहिलं. बराच वेळ ती डोळा लावून बसली. मग बाजूला झाली. मी पाहिलं. मोर होते. बरेचसे मेलेले, पिसारा विस्कटलेला. एक मात्र अजून अधूनमधून हलत होता.

सगळा हिशोब तिथेच लागला. फडकं सोडल्यामुळे चाळीस अक्षांशांवरचं पाणी जिवांसकट ड्रममध्ये बसलं होतं. आम्ही दर वेळी त्याच पाण्याने जाळी धुतली आणि ते मोर बाटल्यांत घातले. दर वेळी वरून नवं पाणी भरलं, म्हणून दर स्टेशनाला ते थोडे कमी होत गेले. समुद्रात कुठलाही भोवरा नव्हता. भोवरा आमच्या ड्रममध्ये होता.

"समुद्रात राहून समुद्र साठवला तुम्ही?" मॅडम म्हणाल्या आणि मग खुर्चीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आम्ही दोघं हसू शकलो नाही. मला मनीषाकडे बघवेना. हसू ओसरल्यावर त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "ड्रम भरल्यापासूनच्या सगळ्या स्टेशनांचे आकडे काढून टाक. रकाने कोरे ठेव."

"शून्य लिहू, मॅडम?"

"नाही. शून्य म्हणजे पाहिलं आणि नव्हतं. कोरं म्हणजे आपल्याला माहीत नाही. आपल्याला माहीत नाही."

मनीषाने एकेक आकडा खोडला. त्या दिवशी ती जेवायला आली नाही. मी बटाटे घेऊन तिच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो, दार वाजवलं, आतून आवाज आला, "खाऊन घ्या, सर, मी नंतर खाईन." मी बाहेरच उभा राहून ते थंड बटाटे खाल्ले. मला स्वतःचा राग आला होता, आणि आमच्या नगरपालिकेचाही आला होता.

परत रेषेवर

दोन दिवस अर्थातच रद्द झाले. भोवराच नाही तर शोधायचं काय? परतीच्या वाटेवर वादळही मागे लागलं होतं आणि कप्तानाला केपटाउन गाठायची घाई होती. मनीषा केरकर मॅडमकडे गेली. मी दाराशी होतो.

"मॅडम, एक स्टेशन. रेषेच्या या बाजूचं, जिथं पहिला मोर दिसला ते. बस एक."

"त्यात काही नवं निघणार नाही, बाळा. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक नाही, मॅडम. वाटते फक्त."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मग रेनकोट घातला आणि कप्तानाकडे गेल्या. त्या दोघांचं बोलणं दोन मजले खाली ओलेगच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. शेवटी जहाजाची इंजिनं मंद झाली.

लाटा मोठ्या होत्या. सारंगाने स्वतः दोर धरला. जाळी खाली गेली, वर आली. या वेळी व्हॉल्व्ह उघडा ठेवला होता. मनीषाने नळीला फडकं बांधलं, बाहेरच्या बाजूने जाळीवर धार सोडली आणि वरपासून खालपर्यंत धुवत राहिली. पाणी असं गार की तिचे हातमोजे कडक झाले. मी म्हटलं, "मी करतो." ती म्हणाली, "नका, सर." ते पाणी तिथलंच होतं, आणि आता तेवढंच महत्त्वाचं होतं.

बाटली मीच तपासली. तिने पाहायचं नाही असं ठरवलं होतं, आपल्या डोळ्यांवर आपला भरवसा नाही म्हणाली. मी एकेक थेंब पाहिला. गोगलगायी, काचेची पिंपं, तांबूस कोपेपॉड. मान आखडली, डोळ्यांपुढे ठिपके नाचू लागले, तरी शेवटचा थेंब संपेपर्यंत उठलो नाही. मोर नव्हता. एकही नव्हता. मनातून मला तो सापडायला हवा होता, हे कबूल करतो, आणि म्हणूनच मी सगळी बाटली दुसऱ्यांदा पाहिली.

"नाही," मी म्हटलं.

मनीषाने मान हलवली. पेन्सिल घेतली आणि इतके दिवस कोऱ्या राहिलेल्या त्या रकान्यात एक गोल शून्य काढलं. मग ती खुर्चीतच डोकं टेकून रडली. मी तिथेच बसून राहिलो. थोड्या वेळाने इंजिनांचा आवाज वाढला आणि जहाज निघालं.

बहादरपूर

फेलोशिप वाढली नाही, हे आधीच सांगून टाकतो. मनीषाचा प्रबंध झाला, पदवी मिळाली. रेषा जुन्या नकाशात होती तिथेच तिच्याही नकाशात आहे. ती आता खंडव्याला शिकवते.

परतल्यावर मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेलो होतो. चौधरी केळीचे घड कापणाऱ्या माणसांना हिशोब सांगत होते, ते तसंच सोडून आले. आम्हाला ओट्यावर बसवलं, मावा जिलेबी मागवली. आम्ही किती गार होतं, ओलेग काय खायला घालायचा, सगळं सांगितलं. मग ते लेकीला म्हणाले, "फोनवर बोलली होती ना, नवीन सापडलं म्हणून. दाखव."

मनीषा माझ्याकडे पाहू लागली. मग तिने पिशवीतून तक्ता काढून ओट्यावर पसरला, आणि ड्रमपासून सगळं त्यांना सांगितलं. ड्रमचं ऐकून चौधरींना आश्चर्य वाटलं नाही. "पानी आलं तर भरीनच ना मानूस," ते म्हणाले. त्यांनी वाकून तक्ता पाहिला.

"हे खाने कोरे काऊन आहेत?"

"तिथलं मी खोडलं, बाबा. तिथं काय आहे ते माहीत नाही."

"अन् हे?"

"शून्य."

"मतलब भोपळा?"

"हाव."

चौधरींनी त्या शून्यावर बोट ठेवलं. मला वाटलं आता ते विचारणार, इतक्या लांब जाऊन हेच आणलं का. मी उत्तराची जुळवाजुळव करू लागलो.

"याच्यासाठी जहाज थांबवलं त्याहिनं?" त्यांनी विचारलं. "तुफानात? तू सांगितलं म्हणून?"

"हाव, बाबा."

ते सरळ झाले. आत वळून त्यांनी बायकोला हाक मारली, शेजारच्या भावाला बोलावलं, घड कापणाऱ्यांनाही बोलावलं. सगळे जमायला लागले. मनीषा लाजली, घाईघाईने तक्ता गुंडाळू लागली.

"राहू दे उघडा," चौधरी म्हणाले. "पाहू दे त्याहिले."